पोलिस पडताळणी आणि आपला सुशिक्षित तरुण

मीरा-भाईंदर परिसरातील आपली मुले आज पदवीधर होत आहेत, स्पर्धा परीक्षांत उत्तीर्ण होत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु परीक्षा पास होऊनही काहींची नेमणूक एका कागदापाशी अडते. तो कागद म्हणजे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी अहवाल. आम्ही बँकेच्या नोकरीत असल्याने या कागदाचे महत्त्व जाणतो. म्हणून ही माहिती समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या तरुणांवरील गुन्हे पुष्कळदा आंदोलनातले असतात. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगाव येथील हिंसाचारानंतर ३ जानेवारीस महाराष्ट्र बंद झाला व राज्यभर गुन्हे दाखल झाले. त्यांपैकी ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये विधिमंडळात सांगितले. मात्र शासनाच्या घोषणेने खटला आपोआप संपत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो व न्यायालयाची संमती लागते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. आपल्या खटल्यात तसा आदेश झाला की नाही, हे ज्याने त्याने पाहिले पाहिजे.

गुन्ह्याची नोंद सरसकट पुसून टाकणारा कायदा आपल्या देशात नाही. तथापि पुढील मार्ग आहेत :

१. तपासात पुरावा न मिळाल्यास पोलिस 'अ', 'ब' किंवा 'क' समरी अहवाल पाठवितात. तो न्यायालयाने मंजूर केला का, याची खात्री करावी.

२. किरकोळ मारहाण, शिवीगाळ अशा तडजोडपात्र गुन्ह्यांत लोकअदालतीत समेट होऊ शकतो. कायदेशीर तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो.

३. खोटा किंवा निराधार गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येते (कलम ५२८).

४. शिक्षेऐवजी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका झाली असल्यास, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता कलम १२ नुसार लागू होत नाही.

५. गुन्ह्याच्या वेळी वय १८ पेक्षा कमी असल्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ संरक्षण देते. सोळा वर्षांवरील मुलांचे अतिगंभीर गुन्हे याला अपवाद आहेत.

यांपैकी कोणत्याही मार्गाने प्रकरण मिटले, तरी न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल घेऊन ती पदवीच्या प्रमाणपत्राइतकीच जपून ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात 'कधी अटक झाली होती काय, खटला झाला होता काय' असे विचारलेले असते. तेथे 'नाही' लिहावे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नये. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माहिती खरीच दिली पाहिजे. तरुण वयात घोषणा देण्यासारखे किरकोळ प्रकरण लपविले गेले असले, तरी मालक ते माफ करू शकतो. पण गंभीर गुन्हा लपविल्यास नेमणूक रद्द होऊ शकते. खरे सांगूनही नोकरी मिळेलच असे नाही, कारण पूर्ववृत्त तपासण्याचा मालकाचा अधिकार कायम राहतो. मात्र खरे सांगणाऱ्याला आपली बाजू मांडता येते. लपविणारा तीही संधी गमावतो.

बँकांचा नियम तर अधिक कडक आहे. बँकिंग नियमन कायदा १९४९ च्या कलम १० नुसार, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास बँकेला कामावर ठेवता येत नाही. दाखल झालेला गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा यांत मोठे अंतर आहे. म्हणून 'तारखेला नाही गेलो तरी चालते' ही वृत्ती घातक आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच स्त्रिया व मुलांना, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपल्यासाठी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

पालकांना आमची विनंती आहे की, घरात असे जुने प्रकरण असेल तर लाजेपोटी झाकून ठेवू नका. नेमणुकीचे पत्र येण्यापूर्वीच न्यायालयात जाऊन नक्कल मिळवा. वर्षानुवर्षांचा अभ्यास एका कागदावाचून वाया जाऊ नये, एवढीच आमची तळमळ आहे.