काटाजोड : एका कागदी कबड्डी लीगचा अभ्यास

गावच्या दंगलीत कुस्त्या जोडणाऱ्या पंचाचे काम मोठे नाजूक असते. मल्लांचे वजन, वय आणि मागच्या कुस्त्या मनात तोलून तो जोड ठरवतो. जोड काट्याची लागली, तर माणसे उन्हाची पर्वा न करता आखाड्याभोवती उभी राहतात. विजोड लागली, तर निकालाआधीच चहाच्या टपरीकडे वळतात. या तुल्यबळतेला अर्थशास्त्रात 'स्पर्धात्मक समतोल' म्हणतात. तो कसा बिघडतो व कसा सावरता येतो, याचा पहिला पाठ मला आर्णीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत मिळाला.

पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला, की आमची कबड्डी बंद पडे. अशाच दिवसांत आम्ही सहा मित्रांनी कागदी लीग सुरू केली. पुठ्ठ्याच्या एकेका तुकड्यावर खेळाडूचे नाव आणि चढाई व पकड यांचे गुण लिहिले. प्रत्येकाने लिलावात 100 गुणांच्या आत सात खेळाडू घ्यायचे. सामन्यात संघाच्या बळात दोन फाशांचे दान मिळवायचे. ज्याची बेरीज जास्त, तो विजयी. बरोबरी झाल्यास पुन्हा फासे. प्रत्येक संघ इतर पाचांशी दोनदा खेळे, म्हणजे प्रत्येकी 10 सामने. विजेत्याला पुढच्या लिलावासाठी 15 गुण बक्षीस, शिवाय आपले खेळाडू जुन्याच किमतीत राखण्याची मुभा.

हे नियम मीच लिहिले होते, आणि पहिली तिन्ही पर्वे मीच जिंकलो. तिसऱ्या पर्वात सहा संघांचे विजय अनुक्रमे 10, 7, 6, 4, 2 व 1 असे होते. मला अभिमान वाटला. पण चौथ्या लिलावाला माझ्यासह तिघेच जमले. शेवटच्या क्रमांकाचा मित्र दारातूनच म्हणाला, "तूच फासे टाक अन् तूच जिंक. आमचं काय काम?" मला राग आला. रात्री मात्र वही घेऊन आकडे मांडायला बसलो.

सहाही संघ अगदी तुल्यबळ असते, तरी नशिबाने विजयांत थोडा फरक पडलाच असता. 10 सामन्यांसाठी अशा फरकाचे प्रमाण विचलन 10 च्या वर्गमुळाच्या निम्मे, म्हणजे सुमारे 1.58 येते. आमच्या तिसऱ्या पर्वाचे विचलन 3.06 आले. दुसऱ्याला पहिल्याने भागले, की 1.9 मिळतात. हा भागाकार 1 च्या आसपास असेल तर समतोल चांगला. तो जितका वाढेल तितकी स्पर्धा विजोड. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉजर नोल आणि जेराल्ड स्कली यांच्या नावाने ही मोजणी ओळखली जाते.

कारण शोधायला दूर जावे लागले नाही. सुरुवातीला सर्वांचे भांडवल सारखे होते. पण विजयाचे बक्षीस पुढच्या विजयाचे भांडवल बनत होते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखीच ही गत. वॉल्टर नील यांनी 1964 साली मुष्टियोद्धा जो लुईस याचे उदाहरण देऊन सांगितले, की त्याला कमाईसाठी मॅक्स श्मेलिंगसारखा तोडीचा प्रतिस्पर्धी हवाच. दुकानदाराला शेजारचे दुकान बंद पडलेले चालते. खेळाडूला समोरचा संघ बसलेला चालत नाही. माझा संघ मजबूत झाला होता, पण आमचा खेळ मरत होता.

दुसऱ्या दिवशी मी पाचही जणांना बोलावून बक्षिसाचे गुण रद्द करण्याचे सुचवले. राखायचे खेळाडू फक्त दोन. आणि नव्या खेळाडूंची पहिली निवड शेवटच्या संघाला. माझे पाच उत्तम खेळाडू लिलावात गेले, तेव्हा मन खट्टू झाले, हे कबूल केले पाहिजे.

मात्र औषधातूनही नवे दुखणे निघाले. चौथ्या पर्वाच्या अखेरीस एका मित्राने आपला सर्वोत्तम चढाईपटू बाहेर बसवला. शेवटचा क्रमांक आला, की पहिली निवड त्याचीच! ही सरळ नुरा कुस्ती झाली. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या एनबीए लीगने अशाच शंकेवरून 1985 साली निवडीसाठी सोडत सुरू केली होती. आम्हीही तळाच्या तिघांच्या चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या. पाचव्या पर्वात विजय 7, 6, 6, 4, 4, 3 असे विभागले गेले, भागाकार 0.9 आला. माझे विजय चार.

खऱ्या मैदानावरही हा प्रश्न आहेच. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये पाटणा पायरेट्सने 2016 व 2017 मध्ये मिळून सलग तीन पर्वे जिंकली. पण पुढच्या सहा पर्वांत बंगळुरू, बंगाल, दिल्ली, जयपूर, पुणे आणि हरियाणा असे सहा निरनिराळे विजेते झाले. हॉकी इंडिया लीगमध्येही 2013 ते 2017 या पाच वर्षांत पाच वेगळे संघ जिंकले. केवळ विजेत्यांच्या यादीवरून संपूर्ण समतोल कळत नाही, हे खरे. पण आरंभी कोणाच्याही चाहत्याला आशा धरता येते, एवढे तरी त्यातून दिसते.

एका मित्राने विचारले, "मग सरळ नाणेफेकच का करू नये?" तसे केले, तर लिलावातली पारख आणि संघबांधणीची मेहनत व्यर्थ जाईल. चांगल्याने जिंकावे, पण कालच्या विजयाने उद्याचा निकाल आधीच ठरू नये. संधीची समानता पहिल्या दिवशी एकदा वाटून संपत नाही. दर हंगामाला ती पुन्हा तोलावी लागते.

सहाव्या लिलावाला सहाही जण वेळेवर हजर होते. "आमचं काय काम?" म्हणणारा मित्र सर्वांच्या आधी येऊन फासे पुसत बसला होता.