विजेची गाडी व परक्याचें चुंबक

विजेवर चालणाऱ्या गाडीचें मनमाडच्या विद्यार्थ्याला नवल उरलेलें नाहीं. जंक्शनवरून रात्रंदिवस विजेचीं इंजिनें धांवतात, आणि आतां रस्त्यांवरही आवाज न करितां जाणाऱ्या विजेच्या दुचाक्या दिसूं लागल्या आहेत. गांवाजवळ पानेवाडीस तेलकंपन्यांचीं मोठमोठीं कोठारें आहेत. तेथून टँकर भरून दूरदूरच्या गांवीं पेट्रोल व डिझेल जातें. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून विकत आणावें लागतें. तेव्हां पेट्रोलची गाडी जाऊन विजेची आली कीं हें परावलंबन सरलें, असें कोणासही सहज वाटेल. तें कितपत खरें आहे, हें ह्या लेखांत पाहावयाचें आहे.

उदाहरणादाखल पुण्याची 'चेतक' स्कूटर घेऊं. हें नांव पालकवर्गाला चांगलें परिचयाचें आहे. बजाज कारखान्यानें १९७२ सालीं ह्या नांवाची पेट्रोलची स्कूटर काढली व पुढें कित्येक वर्षें ती मध्यम स्थितींतील कुटुंबाचें वाहन होऊन राहिली. ती बंद झाल्यावर ऑक्टोबर २०१९ मध्यें तेंच नांव विजेच्या स्कूटरला देण्यांत आलें, व जानेवारी २०२० पासून तिची विक्री सुरू झाली. धंदा चांगला वाढला. परंतु जुलै २०२५ मध्यें कंपनीचे प्रमुख राजीव बजाज ह्यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, ऑगस्टांत ह्या स्कूटरचें उत्पादन कदाचित् शून्यावर येईल. कारखाना सज्ज होता, कामगार होते, गिऱ्हाईकही होतें. नव्हतें तें एक लहानसें चुंबक.

हें चुंबक कशाला लागतें? विजेच्या मोटारीच्या पोटांत एक भाग स्थिर असतो व एक फिरतो. स्थिर भागावरील तारांच्या वेटोळ्यांतून वीज खेळविली म्हणजे तेथें चुंबकत्व उत्पन्न होतें व तें फिरत्या भागाला ओढून फिरवितें. मात्र फिरत्या भागालाही स्वतःचें चुंबकत्व हवें. आपल्या स्टेशनांतून जाणाऱ्या आधुनिक इंजिनांत तें विजेच्याच प्रवर्तनानें उत्पन्न होतें. तेथें कायमचें चुंबक लागत नाहीं. अशी मोटार जड होते, पण इंजिनाला वजनाचें भय नाहीं. उलट वजनामुळें चाकें रुळांस घट्ट धरून राहतात, आणि वीज तर माथ्यावरच्या तारेंतून अखंड मिळत असते. स्कूटरची गोष्ट निराळी. तिला आपली शिदोरी बॅटरींत बांधून न्यावी लागते, म्हणून मोटार हलकी व काटकसरी हवी. ह्यासाठीं निओडिमियम, लोखंड व बोरॉन ह्यांचें अत्यंत प्रबळ चुंबक तींत बसवितात. परंतु तें तापलें कीं त्याचा जोर ओसरूं लागतो. मे महिन्याच्या उन्हांत दोन माणसें घेऊन चढ चढणाऱ्या स्कूटरची मोटार किती तापत असेल, ह्याची कल्पनाच करावी! जोर टिकावा म्हणून त्यांत डिस्प्रोशियम किंवा टर्बियम हें द्रव्य चिमूटभर मिसळतात. अडलें तें ह्या चिमटीपाशीं.

२ एप्रिल २०२५ रोजीं अमेरिकेनें बहुतेक सर्व देशांच्या मालावर नवी जकात जाहीर केली. चीननें दोनच दिवसांनीं उत्तर दिलें. सात दुर्मिळ मृदाद्रव्यें व त्यांचीं चुंबकें सरकारी परवान्याविना देशाबाहेर पाठवूं नयेत, असा त्यानें नियम केला. भांडण त्या दोघांचें, पण परवाना सर्वांनाच लागूं झाला. आपला देश लोकसंख्येनें कोणाहून लहान नाहीं, तथापि ह्या व्यापारांत तो धाकटाच होय. दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ होतो असें म्हणतात. येथें तिसऱ्याचीच स्कूटर अडली.

नांवांत 'दुर्मिळ' असलें तरी हीं द्रव्यें फारशीं दुर्मिळ नाहींत. कठीण आहे तें त्यांस एकमेकांपासून निराळें करणें. त्या कामाला अम्लें लागतात, पुष्कळ पाणी लागतें, आणि मागें विषारी गाळ राहतो. इतर राष्ट्रांनीं हें ओंगळ काम अंगाबाहेर टाकलें, चीननें तें पतकरलें. आज जगांतील दहांपैकीं सुमारें नऊ हिस्से काम तेथेंच होतें. ह्या चुंबकाचा शोध मात्र १९८३-८४ च्या सुमारास जपानांत व अमेरिकेंत लागला होता. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें त्यासाठीं काढलेला 'मॅग्नेक्वेंच' हा धंदा १९९५ सालीं विकून टाकला. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि पुढें कारखानाही तिकडे गेला. ज्यांनीं शोध लावला तेच आज परवाना मागत उभे आहेत!

आपल्याकडे केरळ, तमिळनाडु व ओडिशा येथील किनाऱ्यांच्या वाळूंत मोनाझाइट आहे, आणि तें काढणारी सरकारी कंपनी १९५० सालींच स्थापन झाली. पण वाळू व चुंबक ह्यांमधल्या पायऱ्या, म्हणजे द्रव्य वेगळें करणें, त्याचा धातु करणें, त्या धातूची पूड दाबून व भाजून चुंबक घडविणें, ह्या मोठ्या प्रमाणावर आपण बांधल्याच नाहींत. स्वस्तांत विकत मिळत होतें तोंवर कोणास गरजही वाटली नाहीं.

रेल्वेचें उदाहरण ह्या संबंधांत पाहण्यासारखें आहे. बोरीबंदर ते कुर्ला ही देशांतील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं धांवली, व १९३० च्या सुमारास विजेच्या तारा इगतपुरीपर्यंत आल्या. इंजिनें मात्र इंग्लंड व स्वित्झर्लंडहून येत. चित्तरंजनच्या कारखान्यांत पहिलें विजेचें इंजिन तयार झालें तें १९६१ सालीं. त्याचें नांव 'लोकमान्य'. मधें ३६ वर्षें गेलीं.

चेतकचें काम ऑगस्ट २०२५ च्या उत्तरार्धांत पुनः सुरू झालें. त्याच वर्षीं २६ नोव्हेंबरला केंद्र सरकारनें ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबकें देशांतच घडविण्याची शक्ति निर्माण करावी, असा तिचा उद्देश आहे. निओडिमियम आपल्या वाळूंतून निघूं शकतें. डिस्प्रोशियम व टर्बियम मात्र तींत काढण्याजोग्या प्रमाणांत नाहींत. तेव्हां त्यांच्यावांचून उष्णता सोसणाऱ्या मोटारी बनविण्याच्या खटपटीला आपले इंजिनिअर लागले आहेत.