दूरदृश्य पाठ आणि वर्गशिक्षकाचे कार्य

दूरच्या ठिकाणी बसलेल्या तज्ज्ञाने शिकवावे आणि त्याच क्षणी शंभर खेड्यांतील मुलांनी ते पाहावे, ऐकावे व प्रश्न विचारावेत, ही गोष्ट आता आपल्या प्राथमिक शाळांना अपरिचित राहिलेली नाही. भिवंडी तालुक्यातील अनेक गावांत लोकवर्गणीतून दूरचित्रवाणी संच किंवा प्रोजेक्टर आले आहेत. जेथे ते नाहीत तेथे शिक्षकांचा मोबाइल तरी आहे. साधन आले म्हणजे शिक्षण आले, असे मात्र समजू नये. पडदा उजळला की शिक्षकाचे काम संपते, की तेथूनच त्याचे खरे काम सुरू होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. पूर्वानुभव काय सांगतो

दूरस्थ शिक्षणाचा विचार आपल्याकडे इंटरनेटबरोबर आला, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. १९५६ साली त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये, आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रवणमंडळांचा एक प्रयोग केला. पुणे येथील प्रयोग म्हणून तो जगभर प्रसिद्ध आहे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातील वीसेक मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका पत्राने केंद्राकडे पाठवीत. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉयराथ यांनी केले. त्यांनी तीन प्रकारची गावे पडताळून पाहिली: श्रवणमंडळ असलेली, केवळ रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. श्रवणमंडळांच्या गावांत लोकांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ झाली. केवळ रेडिओ होता त्या गावांत ती अल्प होती. शिक्षकांनी हा निष्कर्ष ध्यानी ठेवण्याजोगा आहे. आवाज दोन्ही गावांत एकच पोहोचला होता. फरक पडला तो ऐकल्यानंतर एकत्र बसून बोलण्याने.

पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. तथापि त्याचा एक भाग आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना त्या काळात विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. ते केवळ पडद्यावर अवलंबून ठेवलेले नव्हते. दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष प्रयोग यांची योजना होती. नुसते पाहून हात शिकत नाहीत, हे योजकांनी ओळखले होते.

आपल्या राज्यात पुण्याच्या बालचित्रवाणीने १९८४ पासून मराठी शैक्षणिक कार्यक्रम निर्माण केले. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. २००४ साली शिक्षणासाठी स्वतंत्र ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडण्यात आला. बृहन्मुंबई महानगरपालिकेने पुढच्या दशकात एका स्टुडिओतून आपल्या अनेक शाळांना एकाच वेळी थेट पाठ दाखविण्यास प्रारंभ केला. आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथे जिल्हा परिषदेचे शिक्षक श्री. संदीप गुंड यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने खेड्यातील शाळा डिजिटल केली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे श्री. रणजितसिंह डिसले यांनी आपल्या मुलांची परदेशांतील मुलांशी पडद्यावरून भेट घडविली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या दोन्ही उदाहरणांत यंत्रापूर्वी शिक्षक उभा आहे, हे विसरता कामा नये.

२. दूरदृश्य पाठ कशासाठी

जे वर्गशिक्षकाला स्वतः उत्तम रीतीने करता येते, त्यासाठी पडदा लावू नये. बेरजेचा हातचा, बाराखडी, वाचनपाठ ही कामे वर्गातच व्हावीत. कारण तेथे प्रत्येक मुलाची चूक वेगळी असते आणि ती जवळ बसूनच दिसते. जे गावात आणता येत नाही, त्यासाठी मात्र हे साधन मोलाचे आहे. सागरकिनाऱ्यावरील दीपगृह, वेधशाळा, संग्रहालयातील नाणी, दुसऱ्या जिल्ह्यातील मुलांचे बोलणे, एखाद्या शास्त्रज्ञाला थेट विचारलेला प्रश्न, या गोष्टी भिवंडीच्या खेड्यातील मुलास अन्यथा सहज मिळत नाहीत.

भाषेचाही विचार करावा. आपल्या वर्गात आगरी बोली बोलणारी, वारली, कातकरी व ठाकूर समाजांतील मुले बसतात. पडद्यावरील वक्ता बहुधा प्रमाण मराठीत आणि जलद बोलतो. त्याचे बोलणे मुलांच्या बोलीत पोहोचविणारा दुभाषी म्हणजे वर्गशिक्षक होय. हे काम कोणतेही यंत्र त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

३. पाठाचे तीन भाग

प्रत्येक दूरदृश्य पाठाचे पूर्वपाठ, प्रत्यक्ष पाठ आणि अनुपाठ असे तीन भाग करावेत. समजण्यास सोपे जावे म्हणून इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासातील पाण्याच्या विषयावर एक नमुना देत आहे. मुंबईच्या पाणीपुरवठ्याविषयी एखादा अभियंता अर्धा तास थेट बोलणार आहे, असे समजू.

*पूर्वपाठ (पाठाच्या आदल्या दोन दिवसांत).* आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या मोठमोठ्या जलवाहिन्या अनेक मुलांनी पाहिलेल्या असतात. “या नळांत काय आहे? ते कोठून येते? कोठे जाते?” असे विचारून मुलांचे अंदाज फळ्यावर लिहावेत, चूक की बरोबर हे त्या वेळी सांगू नये. घरी रोज किती हंडे पाणी लागते व ते कोण आणते, हे मुलांनी मोजून आणावे. शहापूर तालुक्यातील तानसा तलाव, आपल्या तालुक्यातील पिसे व पांजरापूर, आणि मुंबई ही ठिकाणे नकाशावर दाखवावीत. शेवटी प्रत्येक गटाने एक, असे तीन प्रश्न निवडून कागदावर लिहावेत.

*प्रत्यक्ष पाठ (तीस मिनिटे).* शिक्षकाने वर्गाच्या मागे न बसता पडद्याच्या बाजूस, मुलांचे चेहरे दिसतील असे उभे राहावे. तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबईस मिळत आहे आणि ते मुख्यतः उताराच्या बळावर वाहत जाते. भातसा नदीचे पाणी मात्र पिसे येथे पंपाने उचलावे लागते, एवढे दोन मुद्दे मुलांच्या मनावर ठसले तरी पाठ सफल झाला असे मानावे. ‘गुरुत्व’, ‘शुद्धीकरण’ असा कठीण शब्द आला की तो फळ्यावर लिहून बाजूला साधा शब्द लिहावा. प्रश्न मुलानेच विचारावा, शिक्षकाने नव्हे. “आमच्या गावावरून नळ जातो, मग आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर का येतो?” असा प्रश्न एखादी मुलगी विचारील. तो अवघड म्हणून दडपू नये. वर्गातील सर्वांत खरा प्रश्न तोच असतो.

*अनुपाठ (चाळीस मिनिटे).* पडदा बंद करावा. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन मुलांच्या हाती द्यावी. एक टोक वर, एक खाली केले असता काय होते, हे मुलांनी पाहावे. मग त्याच नळीतून उंचावरील बादलीचे पाणी खालच्या बादलीत आणावे. आणि खालचे पाणी वर नेण्यास काय करावे लागेल, ते मुलांनाच शोधू द्यावे. तानसा आणि पिसे यांतील भेद त्यांना आता हाताने कळलेला असेल. यानंतर फळ्यावरील पहिले अंदाज पुन्हा वाचावेत व मुलांनी स्वतःच ते दुरुस्त करावेत.

अनुपाठास प्रत्यक्ष पाठापेक्षा अधिक वेळ दिला आहे, हे सहेतुक आहे. १९५६ च्या श्रवणमंडळांचा धडा तोच होता.

वीज गेली किंवा नेटवर्क तुटले तर काय, हा प्रश्न प्रत्येक शाळाभेटीत विचारला जातो. उत्तर सोपे आहे. पूर्वपाठ झालेला असेल आणि नळी व बादल्या तयार असतील, तर पडद्यावाचूनही पाठ पुरा होतो. ज्या पाठाचा सारा भार नेटवर्कवर आहे, त्याची तयारी झालेली नाही असे समजावे.

४. दोन शिक्षकी शाळेतील अडचण

साठपर्यंत पटसंख्या असलेल्या शाळेत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी दोन शिक्षक असतात. एका इयत्तेचा पाठ पडद्यावर चालू असता त्याच खोलीतील इतर मुलांचे लक्ष उडते, ही अडचण खरी आहे. त्यासाठी एक तर असा विषय निवडावा की जो तिसरी, चौथी व पाचवीस एकत्र बसवून दाखविता येईल आणि अनुपाठात इयत्तेप्रमाणे काम वेगळे देता येईल. अथवा, लहान मुलांस त्या वेळी दुसऱ्या शिक्षकाने झाडाखाली गोष्टी, गाणी, बियांची मोजणी यांत गुंतवावे. आठवड्यास एका दूरदृश्य पाठाहून अधिक पाठ लहान शाळेने घेऊ नयेत.

५. स्थलांतरित बालके

आपल्या तालुक्याचा एक प्रश्न इतरांहून वेगळा आहे. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, वाडा, शहापूर या भागांतून आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात व पावसाळ्यापूर्वी परततात. त्यांची मुले मूळ शाळेच्या पटावर असतात आणि प्रत्यक्षात भट्टीवर.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार याच परिसरात रुजला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे जे कार्य केले, त्यातून अंगणवाडी व गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. आज २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याच्या विलंबामुळे कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाचीही सोय आहे. म्हणून भट्टीजवळच्या शाळेने प्रथम मुलास वर्गात बसवावे. दूरदृश्य साधनाचा विचार त्यानंतर.

मात्र तेथे या साधनाचा एक उपयोग आहे, आणि तो लेखकाच्या मते इतर सर्व उपयोगांहून मोठा आहे. नव्या शाळेत आलेले मूल पुष्कळदा कित्येक दिवस बोलत नाही. भाषा निराळी, मुले अनोळखी. अशा वेळी शिक्षकाने मूळ शाळेतील गुरुजींशी किंवा बाईंशी संपर्क साधून, आठवड्यातून एकदा दहा मिनिटे, मोबाइलच्या पडद्यावरून त्या मुलाची व त्याच्या जुन्या वर्गाची भेट घडवावी. मूल कोणता धडा शिकत होते, कोठे अडले होते, हे दोन्ही शिक्षकांस कळेल. आणि आपल्याला ओळखणारे कोणी अजून आपली वाट पाहत आहे, हे मुलास कळेल. यासाठी स्टुडिओ लागत नाही, अनुदान लागत नाही. दोन शिक्षकांची तयारी पुरेशी आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाइल नसलेली मुले अभ्यासापासून तुटली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. साधन ज्याच्या हाती नाही, त्याच्यापासून आरंभ करणे हाच त्या काळाचा बोध होय.

६. शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षास किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झाले व २०२० मध्ये ‘दीक्षा’ मंचावरून ऑनलाइन देण्यात येऊ लागले. या सोयीमुळे दुर्गम शाळेतील शिक्षकास प्रवास न करता उत्तम मार्गदर्शन मिळू शकते, हा मोठा लाभ आहे. परंतु प्रमाणपत्र मिळणे व अध्यापन बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकट्याने पाहिलेले प्रशिक्षण हे श्रवणमंडळ नसलेल्या गावातील रेडिओसारखे होय.

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत याचा उपाय आपल्या हाती आहे. ऑनलाइन घटकातील एक भाग, पंधरा मिनिटांचा, सर्वांनी मिळून पाहावा. त्यावरून चार शिक्षकांनी एक पाठ आखावा. पुढील पंधरवड्यात त्यांपैकी एकाने तो आपल्या वर्गात घ्यावा व शक्य असल्यास इतरांनी तेथे जाऊन, अथवा पडद्यावरून, पाहावा. पाहताना शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहावे: कोण गप्प होते, कोणता प्रश्न कोणालाच आला नाही, कोठे सर्वांचे डोळे चमकले. जपानमधील प्राथमिक शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या अशाच रीतीने मिळून पाठ आखीत, पाहत व सुधारीत आले आहेत. या पद्धतीत कोणी परीक्षक नसतो. पाठ कसा झाला, एवढेच बोलावे. शिक्षक कसा आहे, हे बोलू नये.

केंद्रातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत या सत्रात झालेल्या दूरदृश्य पाठांपैकी कोणता पाठ पडद्यावाचूनच अधिक चांगला झाला असता? का?

२. आपल्या गावातून थेट पाठ प्रक्षेपित करावयाचा झाल्यास, इतर जिल्ह्यांतील मुलांना दाखविण्याजोगे काय आहे? यंत्रमाग, भातशेती, वज्रेश्वरीची उष्ण पाण्याची कुंडे, की आणखी काही?

३. आपल्या पटावरील किती मुले दिवाळीनंतर गावाबाहेर जातात, आणि बाहेरून किती येतात? त्यांच्या दुसऱ्या शाळेतील शिक्षकांशी संपर्क कसा साधता येईल?

प्रत्येक केंद्राने या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत व पुढील शिक्षण परिषदेत ती सर्वांसमोर वाचावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र परिषदेची वाट न पाहता, दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच तयार असावे.