पुट्टी लावून गेले, म्हणजे झालं का?

"नवीन बांधकाम आहे मॅडम, थोडंफार होणारच." साइटवरच्या सुपरवायझरने हे तुला ऐकवलं असणारच. नवं घर घेणाऱ्या प्रत्येकीला ते ऐकवतात. नवरा सोबत असला की तेच वाक्य जरा आदबीने, चहा मागवून ऐकवतात, एवढाच काय तो फरक. तू चहा पिऊन घे गं. पण त्या वाक्यातलं खरं किती आणि थाप किती, ते आधी माझ्याकडून ऐक.

थोडंफार होतं, हे खरंच. नवी भिंत वाळते, आकसते. हल्ली विटांऐवजी हलके पांढरे ब्लॉक वापरतात, साइटवर सगळे त्यांना सिपोरेक्सच म्हणतात. हे ब्लॉक आणि काँक्रीटचा कॉलम ऊन-पावसात सारखे हलत नाहीत, म्हणून दोघांच्या सांध्यावर प्लास्टरच्या आत तारेची जाळी मारायची असते. जाळी मारायचा कंटाळा केला की कॉलमच्या कडेने अगदी सरळ, उभी चीर येते. ती दिसली की समज, घर काही पडणार नाही, पण काम चुकवलंय. पृष्ठभागावर पसरलेल्या केसाएवढ्या बारीक चिरांनी घाबरू नकोस. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर मात्र लक्षात ठेवायची. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मार, शेजारी तारीख लिही. नव्या भिंतीवर लिहिलं म्हणून सासूबाई बोलतील, बोलू देत. दोन महिन्यांनी चीर रेघेच्या पुढे गेली असेल, तर ती वाळण्याची चीर नाही. आणि चीर भिंतीवर नसून बीमवर किंवा कॉलमवर असेल, तर सुपरवायझरशी वाद घालत बसू नकोस. बिल्डरशी संबंध नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलाव आणि त्याचं मत लेखी घे. त्याची फी जाईल ती जाऊ दे.

आता पुट्टीचं. तक्रार केलीस की दोन दिवसांत एक पोरगा पत्रा आणि पुट्टीचा डबा घेऊन येतो, चीर भरतो, घासतो, रंगाचा हात मारतो, आणि भिंत पुन्हा नवरीसारखी होते. आपल्यालाही बरं वाटतं, कारण पाहुण्यांपुढे लाज नाही. ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी म्हणजे तापात दिलेली गोळी: अंग थंड लागतं, दुखणं आत तसंच. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी रंगाला फुगे येतात, पांढरा लोणा फुटतो, आणि तेव्हा हेच लोक म्हणतात, "आम्ही करून दिलं होतं ना मॅडम." म्हणून त्या पोराला आत घेण्याआधी एकच प्रश्न विचार, तोही लेखी: ओल कुठून येते आहे? कारण सांगा, मग भिंतीला हात लावा. माझा सगळा सल्ला या एका प्रश्नात आहे, बाकीचं सगळं त्याच्यासाठी.

कारण शोधायला आपल्यालाही थोडं येतं बरं का. ओल कधी वाढते ते बघ. फक्त पावसात वाढली तर बाहेरची भिंत, खिडकी किंवा गच्ची. आपला पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूची भिंत आधी बोलते. खिडकीखालचा ग्रॅनाइट बाहेरच्या बाजूला उतरता हवा, आणि बाहेर आलेल्या कडेच्या खालून एक बारीक खाच हवी, म्हणजे पाणी तिथून खाली टपकतं, भिंतीकडे परत येत नाही. सरकत्या खिडकीच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने पाणी जायला भोकं असतात, ती सिमेंटने बुजलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहेत. पाऊस नसताना, कोणी न्हाणीघर वापरलं की ओल वाढते, तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग किंवा सांडपाण्याचा पाइप. आणि घर बंद ठेवून गावाला गेलीस तरी ओल कायम, तर भिंतीत दडवलेला नळाचा पाइप बघायचा, कारण त्यात पाणी सदैव दाबाखाली असतं. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून दोन दिवस थांबल्यावर ओल कमी होऊ लागली, की संशय पक्का.

न्हाणीघराची खरी परीक्षा म्हणजे पाणी तुंबवून ठेवणं. नहाणीचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीचं, तोंड घट्ट बंद करायचं, बोटभर पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताकडे बघायचं. पाण्यात थोडी नीळ घातलीस तर ओघळ कुठला, यावर वाद उरत नाही. ही परीक्षा फरशी बसवण्याआधी बिल्डरने घ्यायची असते, पण आपण घेऊ नये असं थोडंच आहे? उतार बघायला मात्र एक तांब्या पुरे. कोपऱ्यात पाणी ओत. ते नहाणीकडे गेलं तर ठीक, दाराकडे निघालं तर जन्मभर पायपुसणी बदलत बसशील.

फरशीबद्दल एक सांगते, कारण यात बायकांना फार फसवतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही. तिला चिकटवायचं खास मिश्रण लागतं आणि ते पूर्ण पाठीवर लावावं लागतं. घाईत चार कोपऱ्यांना चार गोळे थापले की आत पोकळी राहते. दहाचं नाणं घे आणि घरभर टकटक करत फीर. भरीव आवाज आणि डबडब आवाज यांतला फरक तुला पहिल्या खोलीतच कळेल. एखादा कोपरा पोकळ वाजला तर सोडून दे. अख्खी टाइल वाजली तर तिच्यावर खडूने फुली मार, फोटो काढ. या पोकळ टाइल एखाद्या उन्हाळ्यात मधेच उचलल्या जातात, आणि तेव्हा त्याच छटेच्या टाइल बाजारात मिळत नाहीत. म्हणून ताबा घेतानाच प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा टाइल जादा मागून माळ्यावर ठेव.

गवंड्याची जुनी हत्यारं, ओळंबा, गुण्या आणि पाणसळ, आजही खोटं बोलत नाहीत. ओळखीचा एखादा म्हातारा गवंडी असेल तर त्याला पाहणीला सोबत ने. टायवाल्या इंजिनिअरपेक्षा त्याला साइटवरची माणसं जास्त वचकतात, असं माझं मत आहे. सोबत वायरमन ने, तो प्रत्येक पॉइंटला अर्थिंग आहे का ते तपासेल. विजेच्या डब्यातल्या गळती-सुरक्षा स्विचवर 'टेस्ट' असं बटण असतं. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर त्या घरात गीझर लावू नकोस.

हे सगळं कधी करायचं? सही करण्याआधी. इथेच घोळ होतो. दसरा किंवा पाडवा तोंडावर आलेला असतो, गुरुजी ठरलेले, गावाहून मंडळी निघालेली, भाडं आणि हप्ता दोन्ही भरून घरातलं माणूस मेटाकुटीला आलेलं. अशा वेळी समोर ताबापत्र येतं आणि त्यात बारीक अक्षरात ओळ असते: सर्व काम समाधानकारक आहे, माझी कसलीही तक्रार नाही. वास्तुशांत महिनाभर पुढे गेली तर वास्तुपुरुष रागावत नाही गं. भोगवटा प्रमाणपत्र, आपण ज्याला ओसी म्हणतो, ते मिळाल्यापासून ताबा घ्यायला कायद्याने दोन महिने दिलेले आहेत. 'चाव्या आत्ता घ्या, फर्निचरचं सुरू करा, ओसी मागून येईल' या गोड बोलण्याला भुलू नकोस. सही करायचीच झाली तर त्या ओळीखाली आपल्या हाताने लिही, 'सोबत जोडलेल्या त्रुटींच्या यादीसह ताबा घेत आहे', आणि यादीवर त्यांचाही शिक्का घे. नाही म्हणाले, तर घरी जाऊन त्याच रात्री यादी आणि फोटो ईमेलने पाठव. करारावर तुझं नाव असेल तर ईमेल तुझ्या नावाने जाऊ दे, त्यासाठी कोणाची परवानगी नको.

शेवटचा हप्ता अडवून धर, असा सल्ला तुला कोणीतरी देईल. महाराष्ट्रातल्या आदर्श करारात ताब्याच्या वेळेसाठी साधारण पाच टक्के रक्कम उरते, त्यामुळे मोह होतो. पण ठरल्या वेळी पैसे देणं ही कायद्याने आपली जबाबदारी आहे. उशीर केलास तर व्याज तुझ्यावर चढेल आणि बोलायला त्यांना जागा मिळेल. पैसे वेळेवर देणाऱ्या बाईच्या तक्रारीला वजन असतं.

आता कायदा. रेरा कायद्याचं कलम १४(३) तू वहीत लिहून ठेव. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष, कामाचा किंवा दर्जाचा दोष, सेवासुविधांमधली उणीव बिल्डरच्या नजरेस आणलीस, तर त्याने ३० दिवसांत ती फुकट दुरुस्त करून द्यायची. नाही दिली तर तू नुकसानभरपाईला पात्र. करारात कोणी हा काळ दोन वर्षांवर किंवा एका वर्षावर आणला असेल, तर ते छापलेलं असलं म्हणून खरं होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महारेराने, म्हणजे आपल्या राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, आदेश काढून दोषदायित्वाचं कलम करारात बदलता येणार नाही, असं ठरवलं आहे. 'नजरेस आणणं' म्हणजे लिफ्टमध्ये भेटल्यावर सांगणं नव्हे. ईमेल कर, आणि त्याचीच छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेव. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कितीही रडलीस तरी ते रडणंच.

तीस दिवस उलटले आणि काही हललं नाही, तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क पाच हजार रुपये आहे. आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही. महारेराकडे सलोखा मंचही आहे, दोघं तयार असतील तर तिथे समोरासमोर बसून मिटतं. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या छोट्या इमारतींना मात्र रेरा नोंदणीची सक्ती नाही. गावाकडे, तालुक्याच्या ठिकाणी अशाच इमारती जास्त. तिथे ग्राहक आयोगाचा रस्ता धरायचा, आणि तो तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

बिल्डरचं हुकमी उत्तरही ऐकून ठेव: "तुमच्या इंटिरिअरवाल्याने तोडफोड केली, आता आमची जबाबदारी नाही." आणि पुष्कळदा ते खोटंही नसतं. आपण बाथरूमची चांगली फरशी फोडून आवडीची बसवतो, चिमणीसाठी बीमला भोक पाडतो, बाल्कनीचा कठडा काढून खोली वाढवतो. तसं करायचं असेल तर बिल्डरची लेखी परवानगी घे, नाहीतर त्या जागेच्या तक्रारीचा हक्क सोडला असं समज. सुताराने पहिला खिळा ठोकण्याआधी मोकळ्या घराचा, कोपरान् कोपरा दिसेल असा, व्हिडिओ काढ. कपाटामागची भिंत पुन्हा दिसणार नाही.

आणि वरच्या मजल्यावरच्यांशी भांडू नकोस. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांच्या डोक्यावर राहणारं कुटुंब दोन वर्षं एकमेकांकडे बघत नव्हते. हळदीकुंकवाचं बोलावणंही बंद. काकूंच्या स्वयंपाकघरात थेंब पडायचे आणि त्यांना वाटायचं, वरची सून मुद्दाम पाणी सांडते. शेवटी फरशी उघडली तर सांडपाण्याच्या पाइपचा जोडच नीट बसवलेला नव्हता, पहिल्या दिवसापासून. दोघी मिळून बिल्डरला एक पत्र लिहू शकल्या असत्या. गळती घरात दिसली की पहिला जिना वरच्या मजल्याचा चढ, पण भांडायला नाही. त्यांना खाली आणून छत दाखव, आणि तक्रारीवर त्यांचीही सही घे. दोन घरांच्या सह्या असल्या की 'तुमच्या शेजाऱ्यांचा प्रॉब्लेम आहे' हे उत्तर बंद होतं.

हीच पाच वर्षं गच्ची, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, डक्टमधले पाइप यांनाही लागू आहेत, आणि तिथे एकटीने ओरडून उपयोग नाही, सोसायटीच्या नावाने पत्र गेलं पाहिजे. बहुतेक सोसायट्यांना याची आठवण सहाव्या वर्षी गच्ची गळल्यावर होते. मग प्रत्येक घरामागे वर्गणी निघते. तेव्हा आज घरी गेलीस की ताबापत्रावरची तारीख बघ, पाचवं वर्ष कधी संपतं ते काढ, आणि त्याच्या आधीच्या पावसाळ्यात पूर्ण इमारतीची पाहणी करायचा ठराव पुढच्या सभेत तूच मांड.