लघुपटाचा आरंभ : साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी काही धडे
(सातारा-सांगली परिसरातील आरंभपरंपरेच्या आधारे)

१. प्रास्ताविक

साहित्यकृतीचे माध्यमांतर हा विषय पदव्युत्तर अभ्यासक्रमांत स्थिरावल्यानंतर एखाद्या कथेचा अथवा कादंबरीचा आरंभ दोन-तीन मिनिटांच्या चित्रफितीत उतरविण्याचा उपक्रम विद्यार्थ्यांना देता येऊ लागला. असा उपक्रम वरकरणी तांत्रिक वाटतो. कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि संकलन यांची तोंडओळख एवढाच त्याचा हेतू आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि विद्यार्थ्यांची खरी कसोटी लागते ती वाचक म्हणून. संहितेच्या पहिल्या पानावर नेमके काय घडते, हे ज्याला नीट वाचता आलेले नाही, त्याला त्याचे चित्रण करता येत नाही. या दृष्टीने लघुपटाचा आरंभ हा साहित्यवाचनाचाच एक कठोर स्वाध्याय ठरतो.

अशा उपक्रमात एक अडचण वारंवार उद्भवते. विद्यार्थी आरंभाकडे माहिती देण्याची जागा म्हणून पाहतो. नायक कोण, गाव कोणते, काळ कोणता, नातेसंबंध कसे, हे सारे पहिल्या मिनिटात सांगून टाकावे असे त्याला वाटते. परिणामी निवेदकाचा आवाज सतत बोलत राहतो आणि चित्र त्या आवाजाच्या मागून फरफटत जाते. आरंभाचे कार्य माहिती पुरविण्याहून निराळे आहे, हे या परिसरातील नाट्य, लोकनाट्य व कादंबरी यांच्या परंपरेतून स्पष्ट होते. ते उलगडून त्यातून विद्यार्थ्यांना उपयुक्त असे काही धडे मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२. सांगलीचा पूर्वरंग

मराठी रंगभूमीचा आरंभ ज्या प्रयोगापासून मानला जातो, तो विष्णुदास भावे यांचा 'सीतास्वयंवर' हा प्रयोग ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे झाला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांचा आश्रय त्यामागे होता. या परंपरेतील आख्यानाची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. प्रथम सूत्रधार व त्याचे साथीदार मंगलाचरण गात. त्यानंतर विदूषक नाचत-बागडत येई आणि सूत्रधाराशी त्याचे संभाषण होई. मग गणपतीचे व त्यापाठोपाठ मयूरारूढ सरस्वतीचे आगमन होई. हे सारे झाल्यावरच मुख्य आख्यानाला सुरुवात होत असे.

आजच्या विद्यार्थ्याला हा पूर्वरंग केवळ धार्मिक उपचार वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याची नाट्यगत योजना बारकाईने पाहिली, तर त्यात तीन कार्ये आढळतात. मंगलाचरणामुळे नित्याचा व्यवहार थांबून प्रयोगाचा काळ सुरू होतो. सूत्रधार-विदूषकाच्या संभाषणामुळे समोर चाललेले हे सोंग आहे, याची कबुली प्रेक्षकांना मिळते. देवतांच्या प्रवेशामुळे या सोंगात कोणत्या पातळीचे सत्य पाहावयाचे, याची सूचना मिळते. सीतेच्या स्वयंवराची कथा प्रेक्षकांना आधीच ठाऊक होती, त्यामुळे माहिती देण्याची गरज नव्हती. प्रेक्षकाने कसे पाहावे, हे ठरविण्याची गरज मात्र होती. आरंभ म्हणजे कलाकृती व प्रेक्षक यांच्यातील करार होय, हा पहिला धडा येथून मिळतो. पहिल्या काही क्षणांत लघुपट जी लय, जे अंतर आणि जो स्वर स्वीकारतो, त्यानुसार पुढचे सारे पाहिले जाते. विनोदाच्या स्वरात सुरू झालेला लघुपट पुढे शोकाकडे वळू शकतो. परंतु मग ते वळण प्रेक्षकाला जाणवेल असे आले पाहिजे, अन्यथा कराराचा भंग होतो.

३. गण आणि त्यातील बदल

तमाशात हे कार्य गणाने होते. गण, गवळण, बतावणी आणि वग हा क्रम सर्वपरिचित आहे. या परंपरेतील अग्रणी शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांचा जन्म १८६६ साली रेठरे हरणाक्ष येथे झाला. ते गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे रेठरे हरणाक्ष आज सांगली जिल्ह्यात गणले जाते. सातारा-सांगली हा एकच सांस्कृतिक प्रदेश मानून विचार करण्यास हा इतिहासही आधार देतो.

याच वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्याचा आकृतिबंध स्वीकारताना त्याच्या आरंभात मूलगामी बदल केला. गणेशाच्या स्तवनाच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिक जनता यांना वंदन आले, गवळणीला रजा मिळाली. वगाची रचना, शाहिरी ठेका, बतावणीतील हजरजबाबीपणा हे सारे कायम राहिले. बदलले ते प्रामुख्याने प्रवेशद्वार. परंतु प्रवेशद्वार बदलताच आत बसलेल्या प्रेक्षकाची भूमिकाही बदलली. रंजनासाठी आलेला रसिक वंदनाच्या क्षणी एका लढ्याचा भागीदार ठरला.

आरंभात कोणाला प्रथम स्थान द्यावे, हा केवळ शैलीचा प्रश्न नसतो, त्यात मूल्यनिर्णय असतो, हे येथे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावयास हवे. पडद्यावर पहिला चेहरा कोणाचा दिसतो, पहिला आवाज कोणाचा ऐकू येतो, यावरून कृतीची बाजू ठरते. वाड्याच्या ओसरीवरून गावाकडे पाहणारा कॅमेरा आणि गावकुसाबाहेरून वाड्याकडे पाहणारा कॅमेरा एकाच कथेचे दोन भिन्न अर्थ लावतात.

कोठून सुरुवात करावी, या प्रश्नाचे एक उत्तर अण्णा भाऊंच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीतही मिळते. कादंबरीचे नाव फकिराचे आहे, पण आरंभीचा पराक्रम त्याच्या वडिलांचा आहे. गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून राणोजी शिगावची जोगणी आणतो आणि त्या कामी मारला जातो. नायकाचे चरित्र नायकाच्या आधी सुरू होते. फकिराच्या पुढील कृतींना जे वजन येते, ते या मृत्यूमुळे येते. लघुपटाला एवढा विस्तार परवडत नाही, हे खरे. तरी नायकाचे दर्शन लांबवून त्याच्यावर ज्याचे ओझे आहे ती गोष्ट प्रथम दाखविणे, ही युक्ती अल्पावधीतही साधते. उंबऱ्यावर ठेवलेली, कोणीच न वापरणारी एक काठी पुरेशी ठरू शकते.

४. 'मी'चे रूपांतर : 'बनगरवाडी'

माध्यमांतराच्या अभ्यासासाठी या परिसरातील सर्वांत उपयुक्त संहिता व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही होय. माडगूळकर मूळचे सध्याच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. कादंबरीची पार्श्वभूमी औंध संस्थानच्या अमलातील माणदेशाची आहे. १९९५ साली अमोल पालेकर यांनी या कादंबरीवर चित्रपट केला. त्यामुळे मूळ संहिता आणि तिचे चित्ररूप शेजारी ठेवून पाहण्याची सोय अभ्यासकाला उपलब्ध आहे.

कादंबरीच्या आरंभी घडणारी घटना अगदी साधी आहे. एक तरुण मास्तर नेमणुकीच्या गावी एकटाच पायी निघाला आहे. भोवती माळ आहे, पुढे धनगरांची छोटी वाडी आहे. संघर्ष नाही, रहस्य नाही, नाट्यपूर्ण संवाद नाही. विद्यार्थ्याला या पानांवर 'काहीच घडत नाही' असे वाटते आणि चित्रफीत रंजक करण्यासाठी तो एखादा प्रसंग पदरचा घालतो. वाटेत कोणी भेटते, कोणी अडविते, कोणी वाडीची कहाणी सांगते. येथेच वाचन चुकलेले असते. चालणे हीच या आरंभातील घटना आहे. माळाचा विस्तार आणि त्यातील एका माणसाचे लहानपण यांचे प्रमाण हाच आशय आहे. दुष्काळाने वाडी ओस पडून मास्तर पुन्हा एकटा परततो, त्या अखेरीला या आरंभाचेच प्रमाण उलटून मिळते. आरंभी गर्दी केली की शेवटचे रितेपण निष्प्रभ होते.

दुसरी अडचण प्रथमपुरुषी निवेदनाची आहे. कादंबरीतील 'मी' सांगतो आणि चालतो, अशा दोन्ही क्रिया एकाच सर्वनामात सामावतात. कॅमेऱ्यापुढे मात्र हा 'मी' तत्काळ 'तो' होतो, कारण चालणारा माणूस बाहेरून दिसू लागतो. यावर विद्यार्थ्यांना सुचणारा सोपा उपाय म्हणजे मूळ वाक्ये पार्श्वनिवेदनात वाचणे. त्यामुळे संहितेशी निष्ठा राखल्याचे समाधान मिळते, परंतु ऐकलेले तेच दिसते आणि दिसलेले तेच ऐकू येते. याहून अधिक फलदायी मार्ग म्हणजे 'मी'ची विभागणी करणे. काही दृश्ये मास्तर पाहतो आहे अशी घ्यावीत, काही दृश्यांत माळ मास्तराला पाहतो आहे असे वाटावे. या दोहोंच्या आलटून-पालटून येण्यातून नवख्या माणसाची उत्सुकता आणि त्याचे परकेपण अशा दोन्ही भावना शब्दांवाचून उभ्या राहतात. निवेदन वापरावयाचेच असेल, तर चित्रात जे दिसत नाही तेवढेच त्याने सांगावे.

५. स्थळाचा प्रश्न

चित्रणासाठी स्थळ निवडताना सातारा जिल्ह्यातील वाई आणि मेणवली यांचा मोह विद्यार्थ्यांना पडतो. कृष्णाकाठचे घाट, देवळे आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा यांचे दृश्यमूल्य निर्विवाद आहे. परंतु या स्थळांना चित्रपटांनी आधीच एक दुसरे आयुष्य दिले आहे. 'मृत्युदंड' (१९९७) व 'गंगाजल' (२००३) या चित्रपटांत वाई परिसर बिहार म्हणून उभा राहिला, तर 'स्वदेस' (२००४) मध्ये मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातील एका गावाचा घाट झाला. कृष्णेने गंगेच्या प्रदेशाची भूमिका करावी, यात व्यावसायिक चित्रपटाच्या दृष्टीने गैर काही नाही. मात्र त्यामुळे या घाटाचे पहिले दृश्य पाहताच प्रेक्षकाच्या मनात 'भारतीय खेडे' ही सर्वसाधारण प्रतिमा जागी होते आणि विशिष्ट गाव मागे पडते.

'बनगरवाडी'सारख्या संहितेला हे घातक आहे. कृष्णाकाठचा सुपीक पट्टा आणि अवर्षणप्रवण माणदेश यांत अंतर थोडे असले, तरी जगणे निराळे आहे. ऊस आणि हळद पिकविणाऱ्या गावातील माणसाचा पावसाशी असलेला संबंध मेंढरांमागे भटकणाऱ्या धनगराहून भिन्न असतो. आरंभातील पहिले दृश्य हिरवेगार घेतले, की पुढे येणारा दुष्काळ हा अपघात वाटू लागतो. माणदेशात तो अपघात नसून जगण्याची नेहमीची अट आहे. स्थळ देखणे आहे की नाही, यापेक्षा ते कथेच्या कारणपरंपरेत बसते की नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते.

६. ध्वनी आणि बोली

विद्यार्थ्यांच्या चित्रफितींत ध्वनीचा विचार बहुधा शेवटी होतो. तयार संगीताचा तुकडा आरंभावर पसरविला जातो आणि त्याखाली स्थळाचा स्वतःचा आवाज बुजून जातो. वास्तविक साध्या साधनांनी काम करणाऱ्यास ध्वनी हेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत समर्थ माध्यम आहे. पुण्याच्या चित्रपट संस्थेत विद्यार्थिदशेत उमेश कुलकर्णी यांनी केलेला 'गिरणी' हा लघुपट या संदर्भात आवर्जून पाहण्यासारखा आहे. घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचा आवाज एका मुलाच्या जगण्यावर कसा आक्रमण करतो, हा त्याचा विषय आहे. तेथे आवाज ही सजावट राहत नाही, तो कथेतील एक पात्रच होतो.

बोलीचाही येथेच विचार करावयास हवा. माणदेशी बोलीतील संवाद प्रमाणभाषेत घडलेल्या नटाच्या तोंडी दिले, की क्रियापदांची रूपे बदलतात, पण सूर शहरी राहतो. प्रेक्षकाला पहिल्या वाक्यातच ते उमगते आणि करारातील विश्वासाला तडा जातो. अशा वेळी संवाद कमी करणे हा प्रामाणिक मार्ग आहे. त्याहून उत्तम मार्ग म्हणजे त्या मुलखातील वर्गमित्राला संहिता वाचावयास सांगून त्याचे थांबे व हेल मुद्रित करणे. वर्गात जी बोली अशुद्ध म्हणून एरवी संकोचाने लपविली जाते, तीच येथे अधिकृत ज्ञान ठरते. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याला या उपक्रमातून मिळणारा हा आत्मविश्वास कोणत्याही तांत्रिक कौशल्याहून कमी महत्त्वाचा नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. आरंभ हा प्रेक्षकाशी केलेला करार असतो, हे सांगलीचा पूर्वरंग दाखवितो. आरंभी कोणाला वंदन करावयाचे, यात मूल्यनिर्णय दडलेला असतो, हे अण्णा भाऊंनी बदललेल्या गणावरून कळते. जेथे काही घडत नाही असे वाटते, तेथेच प्रमुख घटना असू शकते आणि आरंभाची पारख अखेरीच्या प्रकाशातच होते, हे 'बनगरवाडी' शिकविते. स्थळ आणि ध्वनी ही आशयाचीच अंगे असल्यामुळे त्यांची निवड संहितेच्या अर्थावरून व्हावी लागते.

अध्यापकाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरा देण्यापूर्वी त्यांच्याकडून संहितेच्या पहिल्या पानाची एक यादी करवून घ्यावी : काय दिसते, काय ऐकू येते, काय केवळ सांगितले जाते आणि काय मुद्दाम सांगितलेले नाही. यांतील चौथा रकाना भरणे सर्वांत अवघड असते. चित्रीकरण झाल्यावर हीच यादी तयार चित्रफितीवरून पुन्हा करावी आणि दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. मूळ लेखकाने जे सांगण्याचे टाळले ते चित्रफितीत बोलून टाकलेले आढळले, तर दोष कॅमेऱ्याच्या हाताळणीत शोधू नये. त्या विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्या पानाकडे पाठवावे.