उसण परत परत का भरते?

सुगी आली की पोती उचलणे आले. बेळगाव-खानापूर भागात भाताची, बटाट्यांची, रताळ्यांची पोती शेतातून ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून बाजारात जातात, ती बहुधा माणसाच्या पाठीवरूनच. या दिवसांत घरोघरी कोणाच्या तरी कंबरेत उसण भरते. आठ-दहा दिवसांत ती उतरते, माणूस कामाला लागतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत तीच कंबर त्याच जागी पुन्हा धरते. शेवटी घरचा कर्ता माणूस ऐन कापणीत अंथरुणाला खिळतो, आणि मजुरीही बुडते.

मुख्य गोष्ट आम्ही आधीच सांगतो. दुखणे थांबणे आणि कंबरेत बळ परत येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली थोड्या दिवसांत होते, दुसरीला कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात आपण पूर्ण भार उचलतो, आणि उसण परत येण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दुखते ते कोठे?

कण्याच्या तळाशी एक त्रिकोणी हाड असते. त्याच्या दोन्ही अंगांना कंबरेची रुंद हाडे जोडलेली असतात. तेथील दोन सांधे फार थोडे हलतात, पण धडाचा सारा भार त्यांच्यातूनच पायांकडे उतरतो. नेहमी एकाच खांद्यावर पोते घेणे, वाकलेल्या स्थितीत कंबर पिळून पोते फेकणे, भार घेऊन ट्रॉलीवरून उडी मारणे, यांमुळे एका बाजूच्या सांध्यावर ताण येतो. मग करगोट्याच्या खाली, एका अंगाला, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखते. बसून उठताना, पायऱ्या चढताना, अंथरुणात कूस बदलताना कळ येते.

मणक्यांमधील गादीचे किंवा स्नायूंचे दुखणेही त्याच सुमारास जाणवू शकते, म्हणून नुसत्या जागेवरून निदान पक्के होत नाही. पण घरी घ्यायची काळजी बहुतेक सारखीच आहे.

पहिले काही दिवस

पूर्वी आठवडाभर अंथरुणावर पडून राहण्यास सांगत. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन दिवस विश्रांती सांगितलेले रोगी सात दिवस सांगितलेल्यांपेक्षा लवकर कामावर परतले. तेव्हा फार कळ असेल तर एखादा दिवस पडावे, नंतर घरात, अंगणात थोडे थोडे चालावे. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यावा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि थोडेच दिवस घ्यावी. रोज गोळी खाऊन पोती उचलत राहिल्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. पायाळू माणसाकडून कंबरेला लाथ मारून घेण्याची चाल मात्र सोडावी. दुखऱ्या जागी धक्का बसून इजा वाढण्याचा धोका आहे.

बळ कसे भरावे?

कळ ओसरली की पुढील दोन व्यायाम रोज करावेत.

१. उताणे निजून गुडघे दुमडावेत, तळपाय जमिनीवर टेकवावेत. ढुंगण हळूहळू वर उचलून पाच आकडे मोजावेत व खाली आणावे. असे दहा वेळा.

२. हात व गुडघे टेकून रांगण्याच्या स्थितीत राहावे. उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ करून पाच आकडे मोजावेत. मग दुसरी बाजू. प्रत्येक बाजू आठ-दहा वेळा.

याला चालण्याची जोड द्यावी. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या माणसांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याकडे नेले. न चालणाऱ्या गटात दुखणे साधारण ११२ दिवसांत परतले, चालणाऱ्यांत २०८ दिवसांत. शेतात दिवसभर पावले पडतात हे खरे, पण थांबत, वाकत केलेली ती चाल वेगळी. सलग, ताठ चालावे.

कंबरपट्ट्यावर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या सूचनांत व्यायामाची शिफारस आहे, पट्टा नेहमी बांधण्याची नाही.

भाराचे गणित

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी हाताने वाहायच्या भाराची मर्यादा ५५ किलो अशी सुचवली. ती धडधाकट माणसाची, उसण भरलेल्याची नव्हे. युरियाची गोणी आज ४५ किलोची आहे, म्हणजे तीही लहान नाही.

बरे झाल्यावर प्रथम दहा-पंधरा किलोच उचलावे. आठवडाभर दुखले नाही तर पाच किलो वाढवावे. दुखले तर एक पायरी मागे यावे. पोते अंगाशी धरावे, गुडघे वाकवून उचलावे, वळायचे ते पावले टाकून. पोते जमिनीवरून न उचलता बांधावरून किंवा फळीवरून पाठीवर घ्यावे. दोघांनी मिळून उचलण्यात कमीपणा नाही.

डॉक्टरांकडे ताबडतोब केव्हा?

मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायातील शक्ती जाऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल तर मणक्याच्या क्षयाचीही तपासणी व्हावी. पंचेचाळिशीच्या आतील माणसाची कंबर तीन महिन्यांहून अधिक दुखत असेल, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल आणि हालचालीने सैल होत असेल, तर तो सांध्यांचा वेगळा, सूज आणणारा रोग असू शकतो. त्यावर आता चांगले उपचार आहेत.

आमची एवढीच विनंती. ज्यांची कंबर एकदा धरली आहे त्यांनी या सुगीत पोती अर्धीच भरावीत. खेपा दुप्पट होतील, पण कापणी संपेपर्यंत माणूस उभा राहील.