मार्फत : लाफाएट लंच काउंटर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहांच्या तारखा डोळ्यांपुढे येतात. खानावळ चालविणारा, केस कापणारा, कपडे शिवणारा माणूस त्यात सहसा भेटत नाही. त्याची आठवण जपण्याचे काम त्याच्या मुलानातवंडांकडे येते. पण ज्यांचे संसारच उभे राहू दिले गेले नाहीत, त्यांची आठवण कोणी ठेवायची? अमेरिकेतील फिलिपिनो स्थलांतरितांविषयी वाचताना हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर एका लहानशा खानावळीत सापडले. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

१८९८ च्या पॅरिस तहान्वये स्पेनने फिलिपाइन्स बेटे अमेरिकेच्या हवाली केली. तेथील लोकांची स्थिती त्यामुळे चमत्कारिक झाली. कायद्याने ते परकीय नव्हते आणि नागरिकही नव्हते. १९०६ मध्ये १५ फिलिपिनो मजूर हवाईतील उसाच्या मळ्यांवर गेले. पुढे १९२४ च्या कायद्याने आशियातील इतर लोकांना अमेरिकेची दारे जवळजवळ बंद झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या मळेवाल्यांनी या तरुणांकडे मोर्चा वळविला. वसंतात स्टॉक्टनच्या परिसरात ॲस्परॅगसची काढणी असे. त्याचे कोवळे कोंब जमिनीलगत कापावयाचे, म्हणजे दिवसभर कंबर वाकलेली. सॅलिनासला लेट्यूसची शेती, उन्हाळ्यात अलास्कातील मासळी डबाबंद करण्याचे कारखाने, नंतर डेलॅनोकडची द्राक्षे. पीक जेथे तयार होईल तेथे माणसाने जायचे. अशा माणसाला घर कोठले आणि पत्ता कोठला?

स्टॉक्टनमध्ये एल डोराडो आणि लाफाएट या रस्त्यांच्या आसपास फिलिपिनोंची वस्ती होती. तिला ‘लिट्ल मनिला’ म्हणत. केशकर्तनालये, खानावळी, छोटी हॉटेले यांनी ती गजबजलेली असे. तेथेच पाब्लो माबालोन नावाचा एक स्थलांतरित ‘लाफाएट लंच काउंटर’ ही खानावळ चालवीत असे. हंगामामागे फिरणारे मजूर आपली पत्रे या खानावळीच्या पत्त्यावर मागवीत. माणूस अलास्कात असो की सॅलिनासला, मायदेशाहून आलेले पत्र येथे त्याची वाट पाहत असे. दुकानदार एका जागी होता म्हणून भटक्याला ठिकाण होते. या पिढीतील पुरुषांना ‘मानोंग’ म्हणतात. इलोकानो भाषेतील हा आदराचा शब्द थोरल्या भावासाठी आहे; आपण ‘दादा’ म्हणतो तसाच.

या ‘दादां’पैकी पुष्कळांना कोणी ‘बाबा’ म्हटले नाही. १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील फिलिपिनोंत साधारण चौदा पुरुषांमागे एक स्त्री होती. गोऱ्या मुलींबरोबर नाचतात या रागातून त्याच वर्षी जानेवारीत वॉटसनव्हिल येथे दंगल उसळली आणि फर्मिन टोबेरा हा २२ वर्षांचा मजूर गोळी लागून मेला. १९३३ मध्ये एका फिलिपिनोच्या विवाहाच्या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की, ‘मंगोल’ वंशासाठी असलेली विवाहबंदी ‘मलय’ वंशाला लागू होत नाही. विधिमंडळाने त्याच वर्षी कायद्यात ‘मलय’ हा शब्द घातला! ही बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये रद्द ठरविली. १९३४ च्या कायद्याने वर्षाला केवळ ५० फिलिपिनोंना प्रवेश ठेवला. नागरिकत्वाचा मार्ग १९४६ मध्ये खुला झाला. येथे नमूद करावेसे वाटते की, तो कायदा फिलिपिनोंप्रमाणेच भारतीयांसाठीही होता. परंतु तोवर विशीत आलेल्यांची चाळिशी जवळ आली होती.

माझे वडील तालुक्याच्या गावी शिवणकाम करतात. ते सातवीपर्यंत शिकले. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. ऊसतोडणीच्या टोळ्या गावाबाहेर असतात त्या महिन्यांत त्यांची बँकेची पत्रे, सरकारी कागद पोस्टमन आमच्या दुकानात ठेवून जातो. मशीनच्या खणात ती रबर लावून ठेवलेली असतात. वडिलांविषयी कोठे एक ओळही छापून आलेली नाही. मात्र पाकिटांवर ‘मार्फत’ या शब्दापुढे त्यांचे नाव मी लहानपणापासून वाचतो आहे. पाब्लो माबालोनची हकीकत मला परकी वाटली नाही, ती यामुळे.

याच मजुरांनी ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलॅनोत लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकाराने द्राक्षमळ्यांचा संप सुरू केला. सेझार चावेझ यांचे मेक्सिकन सहकारी आठवड्याभरात त्यात आले आणि १९७० मध्ये मळेवाल्यांना करार करावे लागले. म्हातारपणी निराधार झालेल्या मानोंगांसाठी संघटनेने १९७४ मध्ये डेलॅनोत ‘अग्बायानी व्हिलेज’ ही वसाहत उभी केली. ज्यांना पोटचे कोणी नव्हते त्यांना संघटनेने घर दिले. लिट्ल मनिलाचे नशीब मात्र वेगळे. तिचा मोठा भाग महामार्गासाठी पाडला गेला आणि १९९९ मध्ये आणखी एक चौक जमीनदोस्त झाला.

पाब्लोची नात डॉन बोहुलानो माबालोन इतिहासाची प्राध्यापक झाली. २०१३ मध्ये तिने स्टॉक्टनच्या फिलिपिनोंचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. २०१८ मध्ये ती वारली. आजोबांची आठवण लिहिताना तिला गिऱ्हाइकांचीही आठवण लिहावी लागली. धंदा करणाऱ्या माणसाचे चरित्र एकट्याचे नसतेच. त्याच्या दुकानात जे येऊन बसले, ज्यांची पत्रे त्याने सांभाळली, तेही त्यात येतात.

आपल्यापैकी अनेकजण घरातून कॉलेजात आलेले पहिलेच आहेत. वडिलांचा धंदा, त्यांची हत्यारे, त्यांची गिऱ्हाइके यांविषयी लिहू शकणारे घरात आपणच. वडिलांना विचारावे, ते सांगतील ते वहीत उतरवावे. ज्याच्या मागे कोणी उरले नाही, अशा एखाद्याचेही नाव त्या वहीत सापडेल.